वकिलाची टोपी कुणी परत नेली?

मामा, तुम्ही गेलात त्या दिवशी दुपारी तुमच्या मोबाईलवर पहिला फोन कुणाचा आला असेल? ओझरच्या एका बाईंचा. मीच उचलला. मी काही बोलायच्या आत त्या सुरू झाल्या, "मामा, मुलीकडच्यांनी फोटो पाठवलाय, पण तो जुना वाटतोय हो. तुम्ही एकदा समक्ष जाऊन या ना." मी सांगितलं, मामा आता नाहीत. बाई अगदी मनापासून रडल्या, आणि रडता रडताच म्हणाल्या, "आता आमच्या पोराचं कसं व्हायचं?" मला हसू फुटलं. मामी भिंतीला टेकून बसलेल्या, ओसरीवर ही माणसं, आणि मी तोंडाला पदर लावून हसतेय. बघणाऱ्यांना वाटलं, भाचीला हुंदका आवरेना. तसंही होतं म्हणा. दोन्ही एकदमच चाललं होतं.

आज सोळा दिवस झाले. अजूनही रोज कुणी ना कुणी भेटायला येतं आणि त्यातले निम्मे तुम्ही जमवलेले संसार असतात. येतात, तुमच्या फोटोला नमस्कार करतात, चहा पितात आणि जाताना आपापसात भांडत जातात. तुम्ही बघायला हवं होतं.

पण मी लिहायला बसले ते यासाठी नाही. आपलं भांडण अर्धवट राहिलंय. बावीस वर्षं चाललेलं भांडण असं मध्येच सोडून जायचं, ही कुठली रीत? आणि आता काल त्यात एक नवा साक्षीदार येऊन बसला, तोही तुमच्याच घरात, तुमच्याच खुर्चीत.

तुम्हाला आठवतं ना ते सुरू कसं झालं? मी येवल्याहून एम.ए. करायला नाशिकला आले आणि वसतिगृहाचा विषय निघाल्याबरोबर तुम्ही वडिलांना सांगितलंत, "मखमलाबादला मामाचं घर असताना पोरगी वसतिगृहात? लोक माझ्या तोंडात शेण घालतील." मग मी तुमच्याकडे राहिले. घरामागे तुमचा गुलाबाचा मळा. दुपारी चारनंतर तुम्ही आणि मामी शेडमध्ये बसून फुलं निवडायचात, वीस-वीसची जुडी बांधायचात, आणि मी पलीकडे पोत्यावर बसून अभ्यास करायची. एक दिवस तुम्ही विचारलंत, "काय वाचतीस एवढं? बोलत नाय, चालत नाय."

"कादंबरी आहे मामा. इंग्रजी. जुनी, दोनशे वर्षांपूर्वीची. परीक्षेला आहे."

"काय हाय तिच्यात?"

आता काय सांगायचं? आमच्या मॅडमनी वर्गात सांगितलं होतं, कुटुंबसंस्था, प्रणयाराधन आणि नैतिक मूल्यं. मी म्हटलं, "लग्नं ठरायची भानगड आहे."

तुम्ही हातातली कात्री खाली ठेवलीत. "मग आधी सांगायचं ना! ही तर आपली लाईन हाय."

आणि खरंच होती. पंचक्रोशीत कुणाच्या घरी मुलगी वयात आली, मुलगा नोकरीला लागला, की पहिली आठवण तुमची यायची. तुमच्या त्या कापडी पिशवीत गुलाबाच्या औषधाची चिठ्ठी कमी आणि मुलामुलींच्या पत्रिकाच जास्त. कुणाकडून कधी साध्या टॉवेल-टोपीच्या पुढे काही घेतलं नाहीत. मध्यस्थी हा तुमचा धंदा नव्हता, स्वभाव होता.

मग रोज दुपारी मी एकेक प्रकरण सांगायची. ती इंग्रजी नावं तुमच्या तोंडात बसेनात, म्हणून आपण त्यांना आपली नावं दिली. गावातला विधुर डॉक्टर, त्याच्या तीन मुली: थोरली, मधली, धाकटी. आणि शहरातला वकील, मोठ्या घरचा, ज्याला मधली आवडते. तुम्ही ऐकताना असे प्रश्न विचारायचात की जणू उद्याच तिकडे बोलणी करायला जायचंय. थोरलीचं आधी का नाही बघत? धाकटीला एवढी मोकळीक कुणी दिली? बापाला पुस्तकातून डोकं वर काढायला काय होतं? आणि एकदा अगदी गंभीर होऊन, "या मुलींचा मामा कोण?"

मी म्हटलं, "कादंबरीत मामा नाही."

"मग तिथंच सगळा घोळ हाय," तुम्ही म्हणालात, आणि मामींकडे असं बघितलंत की हे इंग्रज लोक राज्य कसं करून गेले कोण जाणे.

मग तो प्रसंग आला. वकील चहाला येतो आणि मधलीला मागणी घालतो. पण मागणी कशी, तर आपलं घराणं केवढं, तुमचं केवढं, तुमच्या बहिणींना वळण कसं नाही, वडील कसे विसरभोळे, आणि तरीही मी तुमचा स्वीकार करायला तयार आहे. मधली उठून उभी राहते आणि त्याच्या तोंडावर त्याला नाही म्हणते. नुसतं नाही म्हणत नाही, त्याची सगळी खरडपट्टी काढते. वकील इतका गडबडतो की टोपी तिथंच विसरून निघून जातो. मी ते पान आधी इंग्रजीत वाचलं, मग मराठीत सांगितलं. माझा आवाज चढला होता. मला वाटलं, मामा आता वा म्हणणार.

तुम्ही शांतपणे जुडीला दोरा गुंडाळलात आणि विचारलंत, "टोपी कुणी परत नेली?"

मी पानं चाळली. पुढची, त्याच्या पुढची. टोपीचा उल्लेखच नव्हता. लेखिकाबाईंनी कादंबरी साडेचारशे पानांची लिहिली, पण टोपी त्या विसरूनच गेल्या.

"बघ," तुम्ही म्हणालात. "नाय म्हणायचं तर म्हणावं, त्याला ना नाय. पण नाय ऐकल्यावर तो माणूस घरी कसा जाणार, ह्याचा कुणीतरी विचार करायला पाहिजे ना? मध्यस्थ असता तर टोपी दुसऱ्या दिवशी घरपोच गेली असती."

"मामा, तुमच्या मध्यस्थांमुळंच तर सगळं झाकपाक होतं. हा त्याला सांगणार, तो ह्याला सांगणार, आणि मुलीला शेवटी कळणार. तिनं स्वतःच्या तोंडानं सांगितलं, हीच तर मोठी गोष्ट आहे."

"तोंड काय, सगळ्यांना हाय."

"पण मुलींना वापरू कुठं देता?"

मामी मध्येच म्हणाल्या, "त्या वकिलाला दुसरी मिळाली का नाय, ते सांग आधी." त्या दिवशी फुलांचा टेम्पो दारात हॉर्न वाजवत उभा राहिला तरी आपलं संपलं नव्हतं.

आणि मग त्याच उन्हाळ्यात, परीक्षेला महिना राहिला असताना, तुम्ही माझ्यासाठी स्थळ आणलंत. निफाडकडचं, द्राक्षबागायतदाराचं घर, मुलाचं नाव विलास. तुमच्या जुन्या मित्राचा मुलगा. मला विचारलं नव्हतंत. मित्राला शब्द देऊन मोकळे झाला होतात आणि मला आदल्या दिवशी सांगितलंत, "उद्या पाव्हणे येतायत, जरा बरी साडी नेस."

त्या दिवसाचं मी पुढे शंभर वेळा वर्णन केलंय. तुमच्या समोरही केलंय. विलासची गाडी गल्लीभर फटफटत दारात येऊन थांबली होती आणि ओसरीवर माणसं बसली होती. मुलाचे वडील बोलत होते, मुलाचे काका बोलत होते, तुम्ही बोलत होतात. मुलाला काय आवडतं हे त्याचे काका सांगत होते. मुलाला शिकलेली बायको का पाहिजे हे त्याचे वडील सांगत होते. "नोकरी करू द्या की वर्ष-दोन वर्षं, हौसेखातर. मग बागेचं बघायचंच हाय." विलास मान खाली घालून बसला होता. मी पोह्यांचा ट्रे धरून उभी होते आणि माझ्या डोक्यात मधली बोलत होती. मी ट्रे खाली ठेवला आणि सरळ त्याच्याकडे बघून म्हणाले, "मला तुमच्याशी लग्न करायचं नाही. आल्यापासून तुमचा एक शब्द ऐकला नाही. तुमच्यापेक्षा तुमची गाडीच जास्त बोलली."

कुणीतरी बाई फिसकन हसली. विलास उठला, हात जोडले आणि बाहेर गेला. त्याचे वडील जाताना तुम्हाला काय काय बोलले ते मी आतून ऐकलं.

संध्याकाळी येवल्याहून वडिलांचा फोन. पोरीला घेऊन जातो, बास झालं शिक्षण. मी आतल्या खोलीत बॅग भरून बसले. मला खरंच भीती वाटत होती मामा. वडिलांची नाही, तुमची. तुमचा शब्द मी चारचौघांत पाडला होता. आता तुम्ही मला ठेवून घेतलं नसतं तर एम.ए. तिथंच संपलं असतं, आणि मी आज जी कुणी आहे ती झाले नसते. सकाळी तुम्ही स्कूटर काढलीत. मामींनी विचारलं, कुठं? तुम्ही म्हणालात, "टोपी द्यायला."

मला वाटलं, मलाच टोमणा मारताय.

दुपारी आलात. वडील येऊन बसले होते, माझी बॅग दाराशी. तुम्ही पाय धुतलेत आणि त्यांना म्हणालात, "दाजी, पोरगी इथंच राहील. परीक्षा दिल्याशिवाय मी तिला जाऊ देणार नाय." आणि माझ्याकडे न बघता, "चल, फुलं काढायची राहिलीत." एवढंच. निफाडला काय झालं, कुणी काय म्हटलं, काहीच नाही. मी पण विचारलं नाही. विचारायची हिंमत नव्हती, आणि नंतर गरज वाटली नाही.

कारण नंतर मी जिंकलेच ना! पास झाले, कॉलेजात लागले, आणि दरवर्षी नव्या मुलांना तीच कादंबरी शिकवताना मी स्वतःची गोष्ट सांगायला लागले. गाडीच्या वाक्याला वर्ग हमखास खदखदून हसायचा. स्टाफरूममध्ये तर ते वाक्य माझ्या नावावरच लागलं. तुमच्यातही फरक पडला होता, तो माझ्यामुळेच, असं मी धरून चालले होते. त्या प्रसंगानंतर तुम्ही नियमच केलात: आधी मुलामुलीनं अर्धा तास एकमेकांशी बोलायचं, मोठ्यांनी तिकडे फिरकायचं नाही, मग पोहे. लोक हसले, दोन घरं रुसली, तुम्ही ऐकलं नाहीत. मी म्हणायची, "बघा मामा, माझ्या कादंबरीनं तुम्हाला सुधारलं." तुम्ही म्हणायचात, "ते राहू दे. टोपीचं सांग."

माझं लग्न मी स्वतः ठरवलं, कॉलेजातल्या शशिकांतशी. आम्ही दोघांनी दोन्ही घरी सांगितलं, सगळे तयार, कुणाची काही हरकत नाही. तरी तुम्ही धोतर नेसून, टोपी घालून निघालात. "ठरलंय ते ठरलंय, पण मध्ये कुणीतरी पाहिजे." तीनदा तुम्ही या घरून त्या घरी गेलात, सगळ्यांना माहीत असलेला निरोप घेऊन. शशिकांतच्या आई तुम्हाला विचारायच्या, "मग काय म्हणते मुलगी?" आणि तुम्ही घसा साफ करून सांगायचात, "मुलगी विचार करतीय." विचार करणारी मुलगी त्या वेळी त्यांच्याच स्वयंपाकघरात चहा टाकत असायची!

लग्नाच्या पंगतीत मी ती निफाडची गोष्ट पुन्हा सांगितली. गाडीच्या वाक्यासकट. तुम्ही माझ्या समोरच बसला होतात. सगळ्यांबरोबर हसलात.

काल, मामा, विलास आला.

मी ओळखलं नाही. पन्नाशीकडे झुकलेला माणूस, पांढरा शर्ट, सोबत बायको. तुमच्या फोटोसमोर बराच वेळ उभा राहिला, मग मामींपाशी तुमच्या खुर्चीत बसला आणि बोलायला लागला. "मा... मामी," म्हणाला आणि थांबला. पुढचा शब्द येईना. ओठ हलत होते. बायको शांत बसली होती, मामी शांत बसल्या होत्या, कुणालाच घाई नव्हती. शब्द आला. "मा... मामांनी माझं लय केलं."

मी हातात चहाचा ट्रे घेऊन उभी होते. अगदी त्याच जागी. तो कोण ते कुणी सांगायच्या आधी मला कळलं, आणि तो त्या दिवशी का बोलला नाही, हेही.

त्यानं मला ओळखलं होतं. थोडा हसला. मग हळूहळू, अडत अडत, त्यानं सांगितलं. त्या दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही त्यांच्या अंगणात जाऊन उभे राहिलात. त्याच्या वडिलांनी तुम्हाला बस म्हटलं नाही. तुम्ही उभ्यानंच म्हणालात, "पोरीचं काय चुकलं नाय. तुझा पोरगा बोलताना अडतो हे मला ठाऊक होतं, मी तिला सांगितलं नाय. तिला विचारल्याबिगर तुला शब्द दिला. दोन्ही चुका माझ्या." आणि मग विलासकडे वळून, "आम्ही सगळे तुझ्या वतीनं बोलत बसलो. तुझ्याशी बोलली ती एकटीच. वाईट बोलली, पण तुझ्याशी बोलली."

म्हणजे मामा, तुम्ही दुसऱ्याच दिवशी हरला होतात! माझं म्हणणं निफाडच्या अंगणात उभं राहून माझ्यापेक्षा चांगलं मांडून आलात, आणि घरी येऊन मला फुलं काढायला लावलीत. पुढे बावीस वर्षं माझ्याशी उलट्या बाजूनं वाद घातलात. लबाड माणूस.

पण त्याचं अडणं मला कधीच सांगितलं नाहीत. मी वर्गात हसवत राहिले, तुम्हाला कळत होतं. पंगतीत सांगितलं, तुम्हाला कळत होतं. एका वाक्यात मला गप्प करता आलं असतं. रात्रभर विचार केला, का नाही सांगितलंत? सांगितलं असतंत तर मी पुन्हा कुणासमोर तोंड उघडलं नसतं, म्हणूनच ना? वीस-एकवीस वर्षांच्या पोरीनं आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या तोंडानं काही म्हटलं होतं. ते तुम्ही मोडू दिलं नाहीत. फक्त दर वेळी टोपीचं विचारत राहिलात, आणि मी इतकी शिकलेली, मला तो प्रश्न कळला नाही. मला लाज वाटली मामा. आणि तुमच्यावर खूप प्रेम दाटून आलं.

तर काल विलासचं सांगून झाल्यावर मी ट्रे ठेवला. विलासला म्हटलं, "त्या दिवशी मी नाही म्हटलं ते बरोबरच होतं. पण जे बोलले ते बोलायला नको होतं. मला माफ करा." खोलीत सगळे ऐकत होते. निरोप न्यायला मध्ये कुणी नव्हतं, आणि तसंच हवं होतं.

तो बोलायला लागला. अडला. मी थांबले. आपण सगळेच थांबलो होतो, तुमच्या फोटोसकट.

"गा... गाडी," तो म्हणाला, "खरंच लय आवाज करायची."

मामी हसल्या. पंधरा दिवसांत पहिल्यांदा. पदरानं डोळे पुसत हसल्या, आणि मग सगळं घरच हसायला लागलं. मी तर जमिनीवरच बसले. भेटायला आलेली दोन म्हातारी माणसं ओसरीवरून आत डोकावून गेली, दुःखाच्या घरात हे काय चाललंय म्हणून.

हसणं ओसरल्यावर त्याची बायको, मंगल, बोलायला लागली. मोकळी बाई आहे, तुम्हीच शोधलेली. ती म्हणाली, तिला बघायला यायच्या आदल्या दिवशी तुम्ही एकटेच त्यांच्या घरी गेला होतात. तिला ओट्यावर बसवून सगळं सांगितलंत. पोरगा कष्टाळू हाय, मनानं चांगला हाय, बोलताना अडतो, घाई करायची नाय. आणि म्हणालात, "नाय म्हणायचं असलं तर त्यालाच सांग. मला सांगू नको. मी मध्ये नाय."

मी मध्ये नाही, असं तुम्ही म्हणालात! शशिकांतच्या आईला माहीत असलेला निरोप तीनदा पोचवणारे तुम्ही!

"मग?" मामींनी विचारलं. त्यांनाही हे नवीनच होतं.

"मग काय," मंगल म्हणाली, "दुसऱ्या दिवशी पाव्हणे आले आणि मामांनी आम्हा दोघांना मांडवाखाली बसवलं, द्राक्षाच्या. अर्धा तास दिला. हे बोलायला लागले. आता यांचा अर्धा तास म्हंजे किती, तुम्हीच बघा. घरात पोहे दोनदा गरम केले. माझे वडील दोनदा उठले, मामांनी दोनदा खाली बसवले. ऊन उतरलं, तरी यांचं चालूच. लहानपणीचं सांगत होते, बागेचं, आईचं. मला नाय म्हणायला जागाच सापडंना, आणि नंतर म्हणावंसं वाटंना."

विलास खाली बघून हसत होता.

"शेवटी मीच म्हणलं, उरलेलं लग्न झाल्यावर सांगा."